मामावाली कॅसेट

आधीच सांगून ठेवतो, खान्देशात माझ्याइतका ऐकलेला गायक दुसरा नाही. धुळ्यापासून जळगावपर्यंत ज्यांची लग्नं ब्याण्णव-त्र्याण्णव साली झाली, त्यांना जाऊन विचारा. माझ्या आवाजाशिवाय बोहल्यावर चढलेलं एक जोडपं जरी सापडलं, तरी मी पुन्हा तोंड उघडणार नाही. फक्त त्यांना माझं नाव विचारू नका. ते त्यांना माहीत नसेल, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

मी सुकदेव वना, राहणार सोनगीर. अकरा वर्षं मी भिकन मास्तरांच्या बँडमध्ये गात होतो. पारोळ्याचा भिकन मास्तर बँड म्हणजे काय चीज होती, हे आजच्या डीजेवाल्या पोरांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडे लोक आधी बँडची तारीख घ्यायचे आणि मग भटजींकडे मुहूर्त काढायला जायचे. भटजीही शहाणे. "मास्तर कोणत्या दिवशी मोकळे आहेत?" एवढं विचारूनच पंचांग उघडायचे. चोवीस माणसं, लाल कोट, सोनेरी झालर, पुढे हातगाडीवर अँप्लिफायर आणि दोन कर्णे. गाडीच्या मागे माईक धरून चालणारा मी.

बँडच्या गायकाला दोन कामं असतात. कडवं आलं की गायचं, आणि दोन कडव्यांच्या मधे मास्तरांची क्लॅरिनेट सुरू झाली की पुकारायचं. म्हणजे पाहुण्यांचं स्वागत करायचं, सूचना द्यायच्या. 'अमळनेरहून आलेल्या व्याही मंडळींचे सहर्ष स्वागत.' 'नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन ताबडतोब बोहल्यावर यावे.' 'रस्त्यात ट्रॅक्टर उभा आहे, ज्यांचा असेल त्यांनी काढून घ्यावा, वरात अडली आहे.' हे सगळं चालत्या गाण्यात, तालाला धक्का न लावता. क्लॅरिनेट संपली की मी पुन्हा बरोबर समेवर. ऐकणाऱ्याला वाटावं, हे पण गाण्यातच आहे.

आणि यात चूक झाली तर लग्न मोडायची वेळ यायची. नवरदेवाचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, हा तर आमच्याकडे जन्मजात रुसलेला प्राणी. पारोळ्याच्या झुलालफुवांचं उदाहरण घ्या. त्यांच्या भावकीत कुणाचंही लग्न असो, ते वरातीसमोर एखाद्या ओट्यावर बसकण मारायचे आणि नाव तीनदा पुकारल्याशिवाय उठायचे नाहीत. एकदा पुकारलं की ऐकलंच नाही असं दाखवायचे. दुसऱ्यांदा पुकारलं की टोपी सारखी करायचे. तिसऱ्यांदा पुकारलं की शेजारच्याला विचारायचे, "माले बलावतस का?" आणि मग उठायचे. तोवर वरात जागच्या जागी नाचत असायची आणि मुहूर्त केव्हाच टळून गेलेला असायचा.

अशी हजारो नावं मी पुकारली. पण माझं नाव कधी कुणी पुकारलं नाही. पुकारणार कोण? माईक माझ्याच हातात. लोक मला 'ओ बँडवाले' म्हणायचे, आणि माझ्यामागे बैलगाडीएवढा ढोल घेऊन चालणाऱ्यालाही 'ओ बँडवाले'च म्हणायचे. हे मला लागायचं. खोटं कशाला सांगू, फार लागायचं.

एकदा पारोळ्यातल्याच एका लग्नात झुलालफुवांना उठवून उठवून माझा घसा बसला. वरात संपल्यावर मी मास्तरांना म्हटलं, "मास्तर, एखाद्या वेळी माझं पण नाव पुकारा ना. 'गायक सुकदेव सोनगीरकर.' बस, एवढंच."

मास्तर क्लॅरिनेट पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "बँडमा नाव एकच रहास. गाडीवर लिखेल शे ते."

"पण गातो तर मी."

"तुना आवाज मना बँडना खांदावर बशी फिरस. खाले उतार, मंग देख तुले कोन वळखस."

चोवीस माणसं ऐकत होती. खुळखुळेवाला तर हसला. माझी सटकली. मी म्हणालो, "मी माझी स्वतःची कॅसेट काढतो. एकट्याची. आणि आखाजीच्या आत ती लग्नाच्या मांडवात वाजली नाही, तर नावाचा सुकदेव नाही."

मास्तरांनी आता मात्र मान वर केली. "वाजनी, तं मी सोता माईकवरथून तुनं नाव पुकारसू. नही वाजनी, तं परत ये. पन गाना गावाले नही. खुळखुळा वाजाले."

ज्यांना बँडमधली उतरंड माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. वर क्लॅरिनेट, मग ट्रंपेट, मग ढोल, मग झांजा आणि सगळ्यात खाली खुळखुळा. त्याच्या खाली फक्त हातगाडीची चाकं.

घरी येऊन बायकोला, वच्छलाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "आखाजीले मी माहेर जासू. बठ्ठ्या बहिनी येतीन. तठे माले खुळखुळावालानी बायको म्हनतीन का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात आणि झोक्यावर बसून एकमेकींच्या नवऱ्यांची मापं काढतात. म्हणजे माझी इज्जत आता मास्तरांच्या हातात नव्हती, ती थेट मेहुण्यांच्या झोक्यावर चढली होती. हातात होते चार महिने.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला आग्रा रोडवर सुगनशेठच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. सुगनशेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या धुळ्यात. खाली कॅसेटींचं दुकान, वर एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. तिथे ते भजनांच्या कॅसेटी भरायचे. मी म्हणालो, "शेठ, मी सुकदेव."

"कौन सुकदेव?"

मी घसा साफ केला आणि म्हटलं, "वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती."

शेठ ताडकन उभे राहिले. "अरे, तुम्ही? माझ्या तीन भाच्यांच्या लग्नात होते की तुम्ही. बसा, बसा. आवाज दहा वर्षं ऐकतोय, थोबडा आज बघितला."

ही आमची पहिली भेट. त्यांना म्हटलं, खान्देशी गाण्यांची कॅसेट काढू, मुखपृष्ठावर माझा फोटो आणि माझं नाव. शेठ मुंबईच्या कॅसेटी विकून कंटाळलेलेच होते. म्हणाले, "काढून टाकू. आपल्या मुलखाचा माल पण पाहिजे दुकानात."

आठ गाणी मी स्वतः रचली. 'सासू चालनी जयगावले' हे पहिलं. वच्छलाने ते ऐकून दोन दिवस अबोला धरला, म्हणजे गाणं चांगलं झालं होतं.

पण रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो आणि नवीनच संकट उभं राहिलं. मशीनवर जीवराम म्हणून एक गडी होता. त्याने माईक दांडीला लावला आणि म्हणाला, "हलू नका." मी हललो नाही. आवाजही हलला नाही. दोन ओळी गायलो आणि गळा असा बंद झाला की पाणी प्यावं तर तेही उतरेना. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मला उमगलं. अकरा वर्षांत मी एकही गाणं उभ्याने गायलो नव्हतो. माझे पाय थांबले की सूर थांबतो. वरात थांबली की गाणं संपलं, अशी गळ्याला सवय.

मग मी माईक हातात घेऊन खोलीत चालायला लागलो. तिसऱ्या फेरीला माईकची वायर जीवरामच्या गळ्याभोवती गेली. पाचव्या फेरीला बेंजोवाला, ढोलकीवाला आणि जीवराम असे तिघंही एकाच वायरीत गुंडाळले गेले. जागच्या जागी पाय आपटून बघितलं, तर गाण्यापेक्षा पायच जास्त भरले. शेवटी सुगनशेठनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि खालच्या दुकानातली आपली गादी वर मागवली. ज्या गादीवर त्यांच्याशिवाय त्यांच्या मुलालाही बसायची परवानगी नव्हती, तिच्यावर मी तीन दिवस अनवाणी कवायत करत गायलो. शेठ भिंतीकडे तोंड करून बसायचे. मधूनच कपाळाला हात लावून गादीची माफी मागायचे.

आणि घोटाळा झाला तो याच गादीवर. पाय चालायला लागले, बेंजो वाजायला लागला, माझे डोळे मिटले, आणि मला वाटलं आपण पारोळ्याच्या वरातीत आहोत. कडवं संपलं. दोन कडव्यांच्या मधला बेंजोचा तुकडा सुरू झाला. अकरा वर्षांत त्या जागेवर माझं तोंड कधी बंद राहिलं नव्हतं, ते आता तरी कशाला राहील? ते आपलं आपण पुकारू लागलं. पंगती, मामा, ट्रॅक्टर आणि त्या शेवटच्या वरातीत घसा बसेपर्यंत घेतलेलं झुलालफुवांचं नाव. आठही गाण्यांत.

तुम्ही म्हणाल, जीवरामला कळलं नाही? शेठना कळलं नाही? कसं कळणार. जीवराम धुळ्याचा, त्याने आयुष्यात चारशे लग्नं जेवलेली. शेठची तीन भाच्यांची लग्नं माझ्याच आवाजात लागलेली. आमचा माणूस गातो म्हटल्यावर मधे सूचना येणारच, याचं कुणाला काही वाटेचना. उलट जीवराम म्हणाला, "एकदम ओरिजनल वाटतं." मी घरी ती कॅसेट पन्नास वेळा ऐकली. आळीतल्यांनी ऐकली. कुणाला काही खटकलं नाही. फक्त वच्छला एकदा म्हणाली, "गाना चांगला शेतस. पन ऐकता ऐकता माले भूक कसाले लागस, काय माहीत."

कॅसेट निघाली. मुखपृष्ठावर माझा सफारीतला फोटो, वर मोठ्या अक्षरांत 'गायक सुकदेव सोनगीरकर'. ते नाव मी इतक्यांदा वाचलं की अक्षरं पुसट होतील अशी भीती वाटायला लागली.

पण वाजवणार कोण? ज्याच्या लग्नात बँड आहे त्याला कॅसेट कशाला हवी, आणि ज्याच्या लग्नात बँड नाही त्याला माझी कशाला हवी. चैत्र संपत आला. मी मांडवामांडवांत कॅसेट खिशात घालून फिरलो. लोक जेवायला बसवायचे आणि कॅसेटचं नाव काढलं की वाढप्याला हाक मारायचे. वच्छलाने माहेरची पिशवी काढली आणि परत खुंटीला लावली.  रस्त्यात एकदा बँडचा खुळखुळेवाला भेटला, त्याने नुसता हात हलवून दाखवला.

आखाजी परवावर आली. त्या दिवशी सोनगीरमध्येच रुपचंदआबांच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव पारोळ्याचा, म्हणजे बँड भिकन मास्तरांचा. मुहूर्त गोरज, सहा वाजून पस्तीस मिनिटांनी. मी आबांच्या पाया पडलो. "आबा, वरात मारुतीपासून इथवर यायला तीन तास घेणार. तोवर मांडव मुका कशाला ठेवता? एक बाजू वाजवा. एकच बाजू."

आबांच्या डोक्यात शंभर कामं. "लाव रे भो, काय लावनं ते लाव. माले इचारू नको."

लाउडस्पीकरवाल्याने मशीन आबांच्या धान्याच्या कोठीत ठेवलं होतं. मशीन आपोआप बाजू पालटणारं होतं. त्याने माझी नव्वद मिनिटांची कॅसेट घातली, पोरं बटणं दाबतील म्हणून कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. कर्णे निंबावर बांधलेले. सव्वापाच वाजले. सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत माझा आवाज गेला. 'सासू चालनी जयगावले.' मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. वाजली. लग्नाच्या मांडवात वाजली. आखाजीच्या आत वाजली. माझे डोळे भरून आले आणि ते पुसायच्या आत पहिलं कडवं संपलं.

'वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती. जेवणाच्या पंगती बसत आहेत. सर्वांनी पानावर बसून घ्यावे.'

सवयीने मी मान डोलावली. मग माझ्या लक्षात आलं की मांडवातली चारशे माणसं उठली आहेत. लग्नाआधी जेवण? कुणी विचारलंही नाही. कर्ण्यावरून सांगितलं म्हणजे आबांनीच सांगितलं असणार. बघता बघता पत्रावळ्या मांडल्या गेल्या. तिकडे आचारी बट्टी तळायला नुकताच बसला होता. त्याला वाटलं आपल्याला उशीर झाला, त्याने चार घाण्यांची बट्टी एकदम तेलात सोडली आणि वरणाच्या पातेल्याला स्वतः खांदा दिला.

मी कोठीकडे पळालो. कुलूप. लाउडस्पीकरवाल्याला शोधला, तर तो पहिल्या पंगतीत, पुढ्यात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. म्हटलं, "किल्ली दे, बंद कर."

तो घास गिळून म्हणाला, "सुकदेवभाऊ, पानावरथून उठता येस का? अन्नना अपमान व्हस." आणि किल्ली आतल्या बंडीच्या खिशात आहे, हात खरकटा आहे, असंही सांगितलं.

तोवर दुसरं गाणं लागलं होतं. 'नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन ताबडतोब बोहल्यावर यावे.'

नवरीचे मामा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला. वीस वर्षं भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की बसायचं, मधे प्रश्न विचारायचे नाहीत. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, आत गेले आणि अर्धी वेणी घातलेल्या भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणून उभी केली. मागून वेणी घालणारी मावशी कंगवा घेऊन धावतेय, तिच्या मागून नवरीची आई. मामा म्हणाले, "ताबडतोब सांगेल शे." आणि भाचीमागे ताठ उभे राहिले. तासभर आधी.

तिसऱ्या गाण्याने रस्त्यातला ट्रॅक्टर हलवला. तिथे खरोखरच एक ट्रॅक्टर उभा होता. त्याचा मालक जेवता जेवता नाही, पण हात धुऊन लगेच गेला, आणि त्याचं बघून आणखी तिघांनी आपापल्या गाड्या काढल्या. मारुतीपासून मांडवापर्यंतचा रस्ता, जो मी जन्मात कधी रिकामा पाहिला नव्हता, तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासारखा मोकळा झाला.

एवढ्यात आबांनी मला गाठलं. एका हातात फेटा, एका हातात जोडा. "सुक्या, मना मांडोना बठ्ठा इस्कोट कऱ्या तू. नवरी बोहलावर, पाव्हना पंगतमा, आनि नवरदेव कथा शे? नवरदेव शे मारुतीपान. लोकेस्ले काय तोंड दखाडू मी?"  लेकीच्या लग्नाचा मांडव, त्यात बाप रडवेला झालेला. मला खरंच वाटलं, धरणी दुभंगावी. खुळखुळा तर खुळखुळा, मी जन्मभर वाजवीन, पण हे एवढं निस्तरू दे.

आता मारुतीपाशी काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. नवरदेवाचे फुवा कोण? तेच झुलालफुवा. ते नेहमीप्रमाणे पाराच्या ओट्यावर रुसून बसले होते. माझ्या जागी आलेल्या नव्या गायकाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, ते सांगायला मास्तरांचं तोंड क्लॅरिनेटमधून मोकळं नव्हतं, आणि 'नवरदेवाच्या फुवांनी उठावे' असं नुसतं पुकारलेलं त्यांना चालणार नव्हतं. वरात खिळली होती. मास्तर घामाघूम होऊन तिसऱ्यांदा तीच चाल वाजवत होते.

आणि इकडून, निंबावरच्या कर्ण्यातून, अख्ख्या गावावरून माझा आवाज गेला. 'पारोळ्याहून आलेले, नवरदेवाचे मोठे फुवा, श्रीमान झुलालआबा यांचे सहर्ष स्वागत.'

फुवांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढच्या कडव्यानंतर पुन्हा. फुवांनी टोपी सारखी केली. त्याच्या पुढच्या कडव्यानंतर पुन्हा. फुवांनी शेजारच्याला विचारलं, "माले बलावतस का?"

शेजारचा म्हणाला, "फुवा, हाई आपला बँड नही. नवरीकडला मांडवमाथून बलावतस."

नवरीकडच्यांनी. मांडवातून. न सांगता, न मागता, न आठवण करून देता. साठ वर्षांत झुलालफुवांच्या वाट्याला असा मान आला नव्हता. ते उठले ते धोतराचा सोगा खोचूनच. घोडेवाल्याच्या हातातला लगाम त्यांनी स्वतः घेतला आणि मोकळ्या रस्त्याने घोडा, नवरदेव आणि मागून सगळी वरात घेऊन ते मांडवाकडे सुटले. नाचणारी पोरं मागे पळाली. करवली पळाली. भिकन मास्तरांनी डोळे मिटून क्लॅरिनेटची एक लांब तान घेतली होती. ती संपवून त्यांनी डोळे उघडले, तेव्हा समोर फक्त मारुती होता.

मांडवात आबांनी माझ्यावर जोडा उगारलेलाच होता, तेवढ्यात घोडा आत आला. सहा वाजून एकतीस मिनिटं. नवरी बोहल्यावर, मामा मागे, पाहुणे जेवून तृप्त, हातात अक्षता. नवरीची वेणीही पुरी झाली होती, मावशीने बोहल्यावरच उरकली. भटजींनी घड्याळ बघितलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं. गेल्या वीस वर्षांत त्यांनी गोरज मुहूर्ताचं लग्न उजेडात लावलं नव्हतं. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि अक्षता पडल्या. सोनगीरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, मुहूर्तावर लागलेलं लग्न आम्ही पहिल्यांदाच बघतोय, पोरीचं कल्याण होणार.

आबांनी जोडा खाली ठेवला आणि मला मिठी मारली. म्हणाले, "सुकदेवभाऊ." एका जोड्याच्या अंतरावर 'सुक्या'चा 'सुकदेवभाऊ' झाला होता.

लग्न लागून गेल्यावर बँड पोहोचला. मास्तर लाल कोटातून पाणी काढत होते. निंबावर माझं आठवं गाणं चालू होतं. त्यांनी ते पुरं ऐकलं आणि माझ्याकडे बघून एकच शब्द बोलले, "वाजनी."

"मग पुकारा."

"पुकारसू. टाइम येऊ दे."

वच्छला दुसऱ्या दिवशी माहेरी गेली ती कॅसेट आणि मुखपृष्ठ वेगवेगळं घेऊन. कॅसेट वाजवायला आणि मुखपृष्ठ झोक्यावर मिरवायला.

पुढे जे झालं ते धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिलंय. आबांच्या लेकीचं लग्न मुहूर्तावर लागलं ही बातमी आखाजीच्या झोक्यांवरून अमळनेर, चोपडा, एरंडोल, साक्री सगळीकडे गेली. लगीनसराई ऐन भरात होती. मुलींचे बाप सुगनशेठच्या दुकानापुढे रांगा लावू लागले. जीवराम वरच्या खोलीतच झोपायचा. शेठनी ती गादी पुन्हा खाली नेलीच नाही, तिच्यावर हळदकुंकू वाहून ठेवली. झुलाल नावाचे फुवा दर लग्नात नसायचे, पण आपल्याकडे फुवांना नाव कुठलं पुकारलंय यापेक्षा पुकारलंय हे महत्त्वाचं. सगळे फुवा तिसऱ्या पुकाऱ्याला उठू लागले. एक तर म्हणाला, मना घरनं नाव झुलालच शे.

माझी मान ताठ झाली होती. एक दिवस सफारी घालून दुकानात जाऊन बसलो, म्हटलं आपलं नाव लोकांच्या तोंडून ऐकू. पहिलं गिऱ्हाईक आलं. "शेठ, ती मामावाली कॅसेट द्या." दुसरं आलं. "मामावाली आहे का?" तासाभरात बावीस जणांनी मामावाली मागितली. शेठनी मुखपृष्ठावर बोट ठेवून त्यांतल्या एकाला सांगितलं, "हे बघा, हेच गायक, इथे बसलेत." त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "नमस्कार मामा."

मग एक म्हातारे आबा आले. जळगावकडचे असावेत. माझ्याशी फार मायेने बोलले. "भाऊ, भलतीच कामाची कॅसेट आहे. तीन लेकी उजवल्या हिच्यावर. फक्त एक विनंती आहे, रागावू नका."

"सांगा ना."

"ती मधली मधली गाणी काढून टाकता येतील का? सूचना ऐकायला फार थांबावं लागतं."

सुगनशेठ खोकले आणि दुसरीकडे बघू लागले. दुसरी आवृत्ती त्यांनी खरंच तशी काढली. एका बाजूला गाणी, दुसऱ्या बाजूला नुसत्या सूचना. गाण्यांची बाजू आजपर्यंत कुणाची घासलेली मी बघितली नाही. पण हे आपल्यातच राहू द्या.

मास्तरांनी मात्र पुकारलं नाही. मी दर लग्नात वाट बघायचो. ते लांबून मान हलवायचे, "टाइम येऊ दे." भिकन मास्तर दिला शब्द विसरत नाहीत, हे मला माहीत होतं. पण पुढच्या वर्षीची लगीनसराई आली तरी वेळ काही येत नव्हती.

शेवटी धुळ्यात एका मोठ्या लग्नाला गेलो होतो. आमंत्रण पाहुणा म्हणून होतं. शेठनी बक्षीस दिलेली जुनी स्कूटर बाहेर लावली, नवी सफारी झटकली आणि एका ओट्यावर जाऊन बसलो. वरात आली. भिकन मास्तर पुढे. वळणावर येऊन थांबले. त्यांनी हात वर केला, चोवीस माणसं गप्प झाली. त्यांनी नव्या गायकाच्या हातातून माईक घेतला. ज्या माणसाने तीस वर्षांत क्लॅरिनेटशिवाय दुसरं काही तोंडाला लावलं नव्हतं, त्याने माईक तोंडापाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. सगळा आग्रा रोड ऐकत होता. माझ्या छातीत ढोल वाजायला लागला.

"सोनगीरचे सुप्रसिद्ध गायक," मास्तर म्हणाले, प्रत्येक अक्षर सुटं, शुद्ध, "खान्देशची शान, श्रीमान सुकदेव वना सोनगीरकर..."

अकरा वर्षं आणि वर एक.  वच्छला असायला हवी होती असं वाटलं.

"...यांनी आपली स्कूटर रस्त्यात उभी केली आहे. ती ताबडतोब काढून घ्यावी. वरात अडली आहे."

लोक हसले असतील. मला ऐकू आलं नाही. मी ओट्यावरून उठलो का? छे. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. मास्तरांनी पुन्हा पुकारलं, सुप्रसिद्धपासून सोनगीरकरपर्यंत, एक शब्द न गाळता. मी टोपी घालत नाही, म्हणून कॉलर सारखी केली. त्यांनी तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मी शेजारच्याला विचारलं, "माले बलावतस का?" आणि मग उठलो.